थंड फ्यूजनची पेटी: एक किलोवॅट टाका, सहा काढा?

वावर_आर्वी
नमस्कार मंडळी. जरा लांब लिहून राहिलो, सांभाळून घ्या.

आमच्याकडे जिनिंगच्या आवारात मागच्या आठवड्यात एका मशीनचा डेमो झाला. दोघं जण आले होते, इन केलेला शर्ट, प्रोजेक्टर, वरून सगळ्यांना तर्री-पोहे. गुडघ्याएवढी स्टीलची पेटी. आत निकेलची भुकटी अन् हायड्रोजन आहे म्हणे. वायर लावली, बारक्या पंपानं पाणी सोडलं अन् थोड्या वेळात पाइपातून भसाभसा वाफ. मीटरवर एक किलोवॅट दिसत होतं. मग त्यांनी फळ्यावर हिशोब मांडला: तासाला साडेआठ लिटर पाणी, त्याची वाफ, म्हणजे सहा किलोवॅट. 'हेच कोल्ड फ्यूजन, तेलवाल्यांनी ३५ वर्षं दाबून ठेवलं.' हळद उकडायला एक नंबर, लाकूड नको, गॅस नको. बुकिंगचे २५ हजार.

साळा पैसे भरायच्या बेतात आहे. त्याला नुसतं 'फ्रॉड आहे' म्हटलं की तो अजून पेटतो. म्हणून मुद्द्याचं सांगा. कोल्ड फ्यूजन ही भानगड खरी आहे का, अन् ती पेटी काय आहे?

मास्तर_पुसद
दोन वेगळे प्रश्न आहेत ते वेगळेच ठेवा. पहिल्याचं उत्तर देतो.

२३ मार्च १९८९ रोजी अमेरिकेत युटा विद्यापीठात मार्टिन फ्लाइशमन आणि स्टॅन्ली पॉन्स या दोन रसायनशास्त्रज्ञांनी पत्रकार परिषद घेतली. काचेच्या भांड्यात जड पाणी, त्यात पॅलेडियमचा ऋण आणि प्लॅटिनमचा धन इलेक्ट्रोड, आणि वीज. बारावीच्या प्रयोगवहीतलं इलेक्ट्रोलिसिसच, फक्त साहित्य महागडं. पॅलेडियम हा धातू स्वतःच्या आकारमानाच्या नऊशेपट हायड्रोजन पोटात घेतो. जड पाण्यातला ड्यूटेरियम (हायड्रोजनचाच जड भाऊ) असा ठासून भरला की अणुकेंद्रं एकमेकांत विलीन होतात आणि घातलेल्या विजेपेक्षा जास्त उष्णता निघते, असा दावा होता.

जग हादरलं, कारण फ्यूजनला एरवी भयंकर तापमान लागतं. सूर्याच्या गाभ्यात दीड कोटी अंश आहे. फ्रान्समध्ये बांधकाम चालू असलेल्या 'ईटर' या फ्यूजन अणुभट्टीला १५ कोटी अंश गाठायचे आहेत (त्यात भारतही भागीदार आहे, तिचं क्रायोस्टॅट, म्हणजे आतलं थंड राखणारं बाहेरचं भांडं, गुजरातेत हजिऱ्याला बनलं). आणि हे दोघं म्हणतात टेबलावर होतं!

पुढं काय झालं? एमआयटी, कॅलटेक, इंग्लंडातलं हारवेल, सगळ्यांनी करून पाहिलं आणि हाती काही लागलं नाही. १ मे १९८९ ला बाल्टिमोरच्या अधिवेशनात कॅलटेकच्या लोकांनी भर सभेत या दाव्याची सालं काढली. म्हणजे घोषणेपासून सव्वा महिन्यात विषय जवळपास निकालात.

निकेल_अकोला
सर, 'निकालात' हे तुम्ही फार पटकन लिहिता. मी या विषयाच्या मागे कॉलेजपासून आहे, म्हणून थोडं जास्त बोलते.

त्याच १९८९ मध्ये आपल्या ट्रॉम्बेला, भाभा अणुसंशोधन केंद्रात, वेगवेगळ्या गटांनी हे प्रयोग केले. संचालक होते डॉ. पी. के. अय्यंगार, कामात पुढे होते डॉ. एम. श्रीनिवासन. त्यांना ट्रिटियम (हायड्रोजनचं किरणोत्सारी रूप, फ्यूजनची खूण) सापडलं, न्यूट्रॉनही. त्यांनी केंद्राचा अधिकृत अहवाल काढला, यूट्यूबवर व्हिडिओ टाकला नाही. ही माणसं आण्विक मोजमापात मुरलेली होती. पुढं नव्वदच्या दशकात काम बंद पडलं ते पुरावा खोटा ठरला म्हणून नाही, वारं फिरलं म्हणून. २०११ मध्ये याच विषयाची आंतरराष्ट्रीय परिषद चेन्नईला भरली. २०१५ मध्ये बंगळुरूच्या 'करंट सायन्स' या नियतकालिकानं खास विभाग काढला.

आणि कॅलटेकवाल्यांना का जमलं नाही याचंही उत्तर आहे. पॅलेडियमच्या दर दहा अणूंमागे ड्यूटेरियमचे निदान नऊ अणू भरले गेले तरच उष्णता दिसते, हे कॅलिफोर्नियात मॅककुब्र या संशोधकांनी दाखवलं. घाईघाईत केलेल्या बऱ्याच प्रयोगांत तेवढा भरणाच झाला नव्हता.

मास्तर_पुसद
ताई, ट्रॉम्बेच्या लोकांबद्दल आदर आहेच. पण ट्रिटियमचं एक आहे. जड पाण्यात ते आधीच थोडं असतं, आणि इलेक्ट्रोलिसिस करत राहिलं की मागे उरलेल्या पाण्यात त्याचं प्रमाण वाढत जातं. तो हिशोब वजा करावा लागतो. त्यांनी केलाही असेल, मी नाकारत नाही. पण बाहेरच्या माणसाला पटायला तोच निकाल दुसऱ्या ठिकाणी, दुसऱ्या हातांनी, हवा तेव्हा निघायला हवा.

आणि सगळ्यात मोठी अडचण न्यूट्रॉनची. ड्यूटेरियमची दोन केंद्रं जुळली की साधारण निम्म्या वेळा न्यूट्रॉन बाहेर पडतो. फक्त एक वॅट उष्णता अशी निघाली, एक वॅट बरं का, रात्रीच्या झिरोच्या दिव्याहून कमी, तर सेकंदाला सुमारे ८५ हजार कोटी न्यूट्रॉन बाहेर यायला हवेत. शेजारी उभा राहिलेला माणूस मरेल. पॉन्स आणि फ्लाइशमन कित्येक वॅट सांगत होते आणि दोघंही ठणठणीत होते. भौतिकवाल्यांना जी शंका आली ती इथे आली, तेलकंपन्यांच्या सांगण्यावरून नाही.

निकेल_अकोला
हा हिशोब मला पाठ आहे सर :) पण तो पोकळीत धडकणाऱ्या दोन केंद्रांचा आहे. धातूच्या अणूंच्या जाळीत वेगळी वाट असेल, थेट हीलियम-४ बनत असेल आणि ऊर्जा जाळीच्या थरथरीत जिरत असेल, असं आमचं म्हणणं. २००४ मध्ये अमेरिकेच्या ऊर्जा खात्यानं पुन्हा तपासलं, तेव्हा जादा उष्णतेच्या पुराव्यावर तज्ज्ञांत जवळपास निम्मी-निम्मी फूट पडली. निम्मी!

मास्तर_पुसद
जादा उष्णतेवर फूट पडली, खरं. पण ती आण्विक आहे हे बहुतेकांना पटलं नाही, तेही लिहा की.

डीपी_जळाली
तुमचं चालू द्या मास्तर, ताई. मी वायरमन माणूस. वावरभाऊले एकच विचारतो: तो एक किलोवॅटचा मीटर कोनाचा होता? त्याहीचाच न? चिमटा मीटर होता का?

चिमट्याची गंमत सांगतो. फेज अन् न्यूट्रल दोन्ही एकत्र चिमट्यात धरले की मीटर शून्य दाखवते, कितीबी करंट असो. एक जातो, एक येतो, कटून जाते. एसीच्या चिमट्याले डीसी करंट दिसतच नाही. अन् तिसरी वायर, अर्थिंगची, तिच्याकडे तर कोनी पाहातच नाही. मले दहा मिनिटं द्या, मी तुमाले पान्याच्या ग्लासातून बल्ब लावून दाखवतो.

मीटर आपला पाह्यजे. बोर्डापाशी, त्याहीच्या पेटीपाशी नाही.

वावर_आर्वी
चिमटाच होता भाऊ. त्यांचाच.

कोळसा_चंद्रपूर
आमच्या २९२० मेगावॅटच्या चिमण्यांखाली राहून मला हा सगळा धागा वाचताना हसू येऊन राहिलं. वीज आमच्याकडे बनते, राख आमच्या अंगणात पडते, अन् शेतीपंपाला लाईन रात्री बारानंतर. फ्यूजन थंड असो की गरम, आलं तरी तार कुठून कुठे जाईल ते मला आताच सांगता येते.

(अवांतर आहे, उडवायचं असेल तर उडवा.)

बॉयलरवाला_गोंदिया
राइस मिलमध्ये बॉयलर पाहातो मी, धानाच्या भुशावर चालते, उसना तांदूळ काढतो आमी. वावरभाऊची पोस्ट तीनदा वाचली. मले फिजिक्स येत नाही पन वाफ येते. त्या पेटीवाल्याचा डाव मले पह्यल्याच पोस्टीत दिसला, तुमी सगळे जड पान्यात घुसले म्हनून थांबलो होतो.

आता पाहा. एक किलो पानी ३० वरून १०० अंशावर न्यायला लागते साधारन २९० किलोज्यूल. अन् त्या १०० अंशाच्या पान्याची वाफ कराले वरून अजून २२५७ लागते. म्हनजे खरी मेहनत उकळीनंतरच आहे, थर्मामीटर तिथं हलतबी नाही. पानीबी १००, वाफबी १००. थर्मामीटर पाहून कोनाले सांगता येत नाही की पाइपातून काय चाललं.

त्याहीनं साडेआठ लिटर सोडलं अन् समदीच वाफ झाली असं पकडलं. तसं पकडलं तर उत्तर सहा किलोवॅटच येते, बरोबर आहे फळ्यावरचं. पन आता उलटं करा. पेटीत नुसती एक किलोवॅटची कॉइल आहे असं समजा. तासाले ३६०० किलोज्यूल. त्यातले जवळपास अडीच हजार साडेआठ लिटर पानी उकळीले आणाले गेले. उरले अकराशे. त्यात वाफ किती होईन? अर्धा किलो! बाकीचे आठ लिटर उकळतं पानीच, वाफेसोबत पाइपातून चाललं.

तुमी म्हनान, पानी दिसलं असतं न. नाही दिसत. एक लिटर पान्याची वाफ सोळाशे-सतराशे लिटर जागा घेते. अर्ध्या लिटरची आठशेच्या वर झाली. पाइपात डोयाले वाफच वाफ दिसते, पानी तळाशी पाझरत अन् थेंबाथेंबानं उडत जाते. आमी त्याले ओली वाफ म्हनतो. लाइनीत ट्रॅप कायले बसवतात? ते पानी काढालेच. ओल्या वाफेनं धान नीट उकडत नाही अन् मालक आमाले शिव्या देते.

वावरभाऊ, पाइपाचं दुसरं तोंड कुठं होतं?

वावर_आर्वी
भिंतीच्या छिद्रातून बाहेर नालीत सोडलं होतं. म्हणे गरम आहे, कोणाला लागू नये. तोंडापाशी एकदाच काढून दाखवलं, काळा कपडा मागे धरून, 'पाहा कशी वाफ'.

बॉयलरवाला_गोंदिया
झालं मंग.

मास्तर_पुसद
वा! बॉयलरवाले, इटलीत आंद्रेआ रॉसी नावाच्या माणसानं २०११ च्या जानेवारीत बोलोन्याला अशीच निकेल-हायड्रोजनची पेटी दाखवली होती. तिच्यावर जगभरातल्या जाणकारांनी घेतलेला मोठा आक्षेप हाच होता, वाफ कोरडी की ओली. त्याचाही दावा सहापटीचाच. तुमच्या पाहुण्यांनी आकडासुद्धा बदललेला दिसत नाही.

पुढं रॉसी आणि त्याला पैसे देणारी अमेरिकन कंपनी कोर्टात गेली, २०१७ मध्ये आपसात मिटवलं. बाजारात ती शेगडी आजतागायत आलेली नाही.

आपल्याकडे १९९६ मध्ये तामिळनाडूत रामर पिल्लै यांनी झाडपाल्यापासून पेट्रोल करून दाखवलं होतं, आठवतं का? भल्याभल्यांनी टाळ्या वाजवल्या. २०१६ मध्ये कोर्टानं तीन वर्षांची शिक्षा सुनावली. तिथंही प्रात्यक्षिक त्यांचं, भांडं त्यांचं, ढवळायची काडीही त्यांचीच.

निकेल_अकोला
मी इथे स्पष्ट लिहिते, कारण काही जण व्यक्तिगत निरोपात 'आता बोला ताई' म्हणून डिवचताहेत. रॉसीच्या बाजूनं मी कधीच नव्हते. ट्रॉम्बेचा अहवाल आणि जिनिंगमधली पेटी यांना एका दोरीत बांधू नका. संशोधक आपली कच्ची आकडेवारी दुसऱ्यापुढे टाकतो. पेटीवाला बुकिंग घेतो. या पेटीवाल्यांमुळेच आमच्या विषयाला कोणी दारात उभं करत नाही.

आणि विषय मेलेला नाही. गूगलनं २०१५ पासून तीसेक संशोधकांना या कामाला लावलं. २०१९ मध्ये 'नेचर'मध्ये त्यांनी प्रामाणिकपणे लिहिलं की कोल्ड फ्यूजनचा पुरावा मिळाला नाही. त्याच कामातल्या बर्लिंगेट यांच्या कॅनडातल्या गटानं २०२५ मध्ये पुन्हा 'नेचर'मध्येच दाखवलं की पॅलेडियमच्या पत्र्यावर एका बाजूनं ड्यूटेरियमचा मारा आणि दुसऱ्या बाजूनं इलेक्ट्रोलिसिसनं भरणा केला, की फ्यूजनचं प्रमाण सरासरी १५ टक्क्यांनी वाढतं. विजेनं धातूत भरणा केल्याचा फ्यूजनवर परिणाम होतो, एवढं तर सिद्ध झालं ना? ३६ वर्षं हसत होते सगळे.

मास्तर_पुसद
ते मीही वाचलं, आणि मला ते आवडलं. का आवडलं ते सांगतो. त्यांनी उष्णता मोजलीच नाही, न्यूट्रॉन मोजले. उष्णता शंभर वाटांनी फसवते. उघड्या भांड्यात निघालेला ड्यूटेरियम आणि ऑक्सिजन आतल्या आतच पुन्हा जुळले तरी 'जादा' उष्णता दिसते. न्यूट्रॉन मोजला की या सगळ्या वाटा बंद.

पण त्यात एक गोष्ट तुम्ही गाळलीत. पंधराएक वॅट घातले आणि फ्यूजनमधून निघाला वॅटचा अब्जावा भाग. हळद उकडायला किती पेट्या लागतील ते बॉयलरवाल्यांनी काढावं.

निकेल_अकोला
मी गाळलं नाही, पुढच्या पोस्टमध्ये लिहिणार होते. हळद उकडायचा दावा त्यांचाही नाही आणि माझाही नाही.

वायगाव_हळद
मी समुद्रपूर तालुक्यातली, वायगावची हळद आमची. दोन दिवस नुसती वाचत होते. हळद उकडायचा विषय निघाला म्हणून लिहिते.

आम्ही बचत गटाच्या बाया कुकरवर हळद उकडतो. ड्रमला नळी असते, खाली जाळ. पऱ्हाटी (कपाशीची वाळली झाडं) अन् तुराट्या जाळतो. लाकूड विकत घेत नाही. पऱ्हाटी तर घरचीच, तिच्यात किलोला साडेतीन-चार हजार किलोकॅलरी आहेत म्हणून कृषीच्या सरांनी सांगितलं होतं, म्हणजे आपल्या इकडच्या हलक्या कोळशाच्या जवळपास. तरी गावात निम्मे लोक धुऱ्यावर पेटवून देतात. ठेवावी म्हटलं तर गुलाबी बोंडअळी तिच्यातच दडून बसते, पुढच्या हंगामात आपलंच वावर खाते. म्हणून आम्ही वावरातून काढली की लगेच कुट्टी करतो.

माझा प्रश्न साधा आहे. आर्वीच्या भाऊंचे साळे २५ हजार भरायला निघाले. तेवढ्यात गावात कुट्टी मशीन भाड्यानं फिरवता येईल की नाही? फ्यूजनचं मला कळत नाही, पण ज्या इंधनाला आपण काडी लावून देतो त्याच्यावर इथे एक ओळ नव्हती.

कोळसा_चंद्रपूर
ताईंना +१. बायोगॅसचंही कोणी बोलत नाही. दोन घनमीटरच्या संयंत्राला रोजचं ५० किलो शेण लागते, म्हणजे चार-पाच जनावरं. आता दारात जनावरंच कुठे राहिली? बंडी गेली, ट्रॅक्टर आला, गोबरगॅसच्या टाकीत पोरं क्रिकेटच्या स्टंपा ठेवतात.

डीपी_जळाली
सोलर पंपाचंबी लिहा. दहा टक्के भरून भेटते, अनुसूचित जाती-जमातीले पाच टक्के. दिवसा पानी. रात्री सापा-इच्चूत जाची गरज नाही, रानडुकराची भेव नाही. पन एजन्सीवाला उन्हाळ्यातलं सांगत नाही. पॅनलची ताकद २५ अंशावर लिहिलेली असते. आपल्याकडे मे मध्ये ४६ झालं की पॅनल ६५-७० ले जाते. दर अंशाले ०.४ टक्के घट, म्हनजे सोळा-अठरा टक्के तिथंच गेले. वरून धूळ. पाचचा पंप चारच्यावानी चालते. सकाळी लवकर चालवा, अन् फडक्यानं पुसा, भर दुपारी तापल्या काचेवर थंड पानी मारू नका.

संपादक
सोलर पंपावर वेगळा धागा आहे, कृपया तिकडे. इथे फ्यूजन आणि पेटी.

वावर_आर्वी
सगळं साळ्याला वाचून दाखवलं. बॉयलरवाल्यांची पोस्ट दोनदा. तो म्हणतो, 'हे सगळे बसल्या जागचे हिशोब आहेत, मशीन समोर चालून राहिली होती.' म्हणून आता तपासणी कशी करायची ते सांगा. पेटी उघडायची नाही अशी त्यांची अट आहे, पेटंट आहे म्हणे.

बॉयलरवाला_गोंदिया
उघडूच नका. जिनिंगमधला एक २०० लिटरहून मोठा ड्रम घ्या. वजनकाट्यावर ठेवा, २०० किलो थंड पानी भरा, तापमान लिहा. पाइपाचं तोंड नालीत नाही, ड्रमात बुडवा, पार तळाशी. झाकन म्हनून ओलं पोतं. तासभर चालवा, ढवळा, पुन्हा तापमान अन् वजन घ्या.

वाफ ओली असो का कोरडी, ड्रमातल्या पान्याले समदा हिशोब द्यावाच लागते. एक किलोवॅटच असन तर तासात चार अंशानं चढन. सहा असन तर पंचवीस अंशानं. चार अन् पंचवीसमधला फरक थर्मामीटर नसला तरी हाताले समजते. काम झालं की पेटी आधी बंद करू नका, आधी पाइप बाहेर काढा, नाहीतर ड्रमातलं पानी उलटं ओढून घेईन.

मास्तर_पुसद
यात भर घालण्यासारखं काही नाही. फक्त वीज मोजायला डीपी_जळाली यांना घेऊन जा. आणि ड्रमातलं तापमान दर दहा मिनिटांनी वहीत लिहा, शेवटचं एकच नको.

निकेल_अकोला
मीही येते. अकोल्याहून पुलगावपर्यंत रेल्वे, पुढं कोणीतरी घ्यायला या. पंचवीस अंश चढले तर पहिलं बुकिंग माझं, आणि मास्तरांनी मला पुसदला जेवण द्यायचं.

मास्तर_पुसद
पंचवीस चढले तर पुसदला कशाला, नोबेल घ्यायला स्टॉकहोमला जाऊ.

वावर_आर्वी
अपडेट. पेटीवाल्यांना फोन लावला, ड्रमचं सांगितलं. आधी म्हणाले चालेल. मग अर्ध्या तासानं त्यांचाच फोन आला: पाइपावर पाण्याचं 'बॅकप्रेशर' आलं तर रिअ‍ॅक्शन बिघडते, वॉरंटी जाते. मी म्हटलं अडीच फूट पाण्याचं कसलं प्रेशर? तर म्हणाले इंजिनिअरला विचारून कळवतो. मंगळवारचं ठरलं होतं, आता 'पुढच्या महिन्यात पाहू'. साळ्यानं पैसे अजून भरले नाहीत, पण माझ्याशी बोलणंही बंद केलंय.

बॉयलरवाला_गोंदिया
अडीच फुटाले बॅकप्रेशर! आमच्या बॉयलरले सांगतो.

वायगाव_हळद
साळेभाऊंना कुकर पाहायला आमच्याकडे पाठवा. सध्या उकडणंच चालू आहे.

नवा_सभासद_उमरखेड
नमस्कार, इथे विचारू का माहीत नाही. सोलर पंपाचा कंट्रोलर दुपारी बंद पडून राहिला, स्क्रीनवर ड्राय रन दाखवते. पॅनल पुसून पाहिले. कंपनीवाला फोन उचलत नाही. काय करू?

डीपी_जळाली
आधी हिरीत पानी किती हाय ते पाह्य.